धप्प्याचा फोटो

काकांनी माझा नवा कॅमेरा उचलला आणि सरळ वजनकाट्यावर ठेवला. "अहो काका, थांबा!" म्हणून मी ओरडले, कारण त्याच काट्यावर मिनिटभरापूर्वी मोडीत आलेली काळीकुट्ट पितळी पातेली होती. पण काकांचं लक्ष लाल आकड्यांकडे. तीनशे ग्रॅमच्या आसपास आकडा थांबला तसा त्यांनी चष्मा वर केला.

"एवढ्याचा तर माझा पाणी प्यायचा तांब्या आहे," ते म्हणाले. "आणि हा फोटो काढणार?"

काका म्हणजे माझ्या मैत्रिणीचे वडील. मी चांदवडची, कांद्याच्या घरातली. शिकायला नाशकात आले आणि हॉस्टेलच्या आमटीला कंटाळून दर रविवारी ह्या मैत्रिणीकडे जेवायला जायला लागले, तेव्हापासून ते माझेही काका. जुन्या नाशकात, तांबट आळीच्या अंगाला, खाली तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान आणि वर घर. तीन पिढ्या भांडी वजनावर विकलेली, त्यामुळे काका जगातली कुठलीही वस्तू आधी हातात तोलतात आणि मग मत देतात. जड ते अस्सल, हलकं ते बनावट. मैत्रिणीसाठी आलेल्या एका स्थळाला त्यांनी नकार दिला होता, कारण म्हणे नमस्कार करताना मुलाचा हात हलका लागला.

"हलकं भांडं आणि हलका माणूस, दोन्ही चेपतात," एवढं बोलून त्यांनी कॅमेरा माझ्या हातात परत दिला.

मला राग आला. मला राग लवकर येतो हे शाळेतली सगळी मुलं सांगतील. पण ह्या रागाला कारण होतं. वीसेक वर्षं मी दोन किलोचं धूड गळ्यात घालून फिरले आहे. भूगोल शिकवायचा आणि सुट्टी लागली की पाठीला पिशवी, गळ्यात कॅमेरा, निघाले. जैसलमेर, हंपी, बनारसचे बोळ. मग उजवा खांदा असा धरला की फळ्यावर नाशिकच्या उत्तरेला असलेलं काही काढता येईना. डॉक्टरांनी विचारलं, "रोज जड काय उचलता?" मी म्हटलं, "नववीचा वर्ग." ते हसले नाहीत. कॅमेऱ्याचं धूड कपाटात गेलं आणि सहा महिने मी घरात सगळ्यांशी भांडले. शेवटी नवऱ्यानेच हा चिमुकला कॅमेरा आणून पुढ्यात ठेवला. बहुधा स्वतःच्या बचावासाठी.

आणि मग काय सांगू! मी वेडीच झाले. खांदा अजून प्रवासाला तयार नव्हता, म्हणून म्हटलं, गावातल्या गावात परदेश करू. शनिवारी सकाळची शाळा सुटली की नाशिकरोडहून बस धरायची, शालिमारला उतरायचं आणि तिथून पुढे असं वागायचं की आपण ह्या शहरात आयुष्यात पहिल्यांदा आलो आहोत. दहीपुलाला पत्ता विचारायचा. भांडी बाजारात दुकानदाराला "हे काय असतं हो?" म्हणून साधं घंगाळ दाखवायचं. इतकी वर्षं मी ह्या गावात राहते, पण मैत्रिणीच्या घरापलीकडे जुनं नाशिक पाहिलं होतं ते फक्त लग्नाच्या बस्त्यापुरतं आणि पाहुणे आले की घाटापुरतं. आता एकेका बोळात मी तासभर रमायला लागले.

मोठा कॅमेरा होता तेव्हा माणसं ताठ व्हायची. "कुठल्या चॅनलच्या तुम्ही?" असं विचारायची, पोट आत घ्यायची, बायका पदर सावरायच्या. ह्या चिमुकल्याला कोणी भीकच घालत नव्हतं. मी घाटावर पायरीला टेकून बसायचे आणि समोर कपडे पिळणाऱ्या बाया मला विसरून जायच्या. सराफ बाजारात एक आजोबा भिंगातून नथीचा मोती बघत होते; मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी राहून तीन फोटो काढले आणि त्यांनी मान वर केली ती "जरा उजेड सोडा" म्हणायला. अरुंद जिन्यावरून, दोन सायकलींच्या मधून, भाजीवाल्याच्या छत्रीखालून मी कुठूनही घुसायला लागले. पन्नाशी उलटलेली बाई, पण शाळा चुकवून आल्यासारखं वाटायचं. रात्री नवऱ्याला फोटो दाखवताना माझा आवाज इतका वर जायचा की शेजारीण विचारायची, काही झालं का म्हणून.

एकच गोष्ट व्हायची. तो कॅमेरा इतका हलका होता की मी त्याला विसरायचे. जुन्याने मान तुटायची, त्यामुळे तो आहे हे सांगावं लागायचं नाही. हा गळ्यात आहे की नाही ते मला हात लावून बघावं लागायचं. एकदा तर सराफ बाजारात मी एकदम किंचाळले, "माझा कॅमेरा गेला!" दोन दुकानांतली माणसं बाहेर आली. कोणी म्हणालं आत्ताच एक जण पळाला, कोणी म्हणालं पोलिसांना बोलवा. शेवटी चहावाला शांतपणे म्हणाला, "ताई, तो काय तुमच्या गळ्यात." काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी सगळ्यांना चहा पाजला आणि तिथून पुढचे दोन शनिवार दुसऱ्या रस्त्याने गेले.

ही गोष्ट मी काकांना सांगितली नाही. सांगितली असती तर पुढचं टळलंही असतं.

होळीच्या आदल्या आठवड्यात मैत्रिणीने मला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर काका सुपारी कातरत बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझा तो तांब्या घेऊन ये रंगपंचमीला. एक फोटो काढायचाय."

"कसला?"

"माझ्या धप्प्याचा."

बाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. जुन्या नाशकात काही चौकांच्या पोटात दगडी हौद आहेत. त्यांना रहाड म्हणतात. वर्षभर त्यांच्यावर लाकडी ओंडके असतात, ओंडक्यांवर माती, आणि त्यावरून रिक्षा, स्कूटर, लग्नाच्या वराती सगळं जातं. खाली पुरुषभर खोल हौद आहे हे पाहुण्याला कळणारही नाही. रंगपंचमीच्या आधी तो उघडतात, घासून साफ करतात, पाण्याने भरतात. मोठ्या कढईत फुलांचा रंग उकळून त्यात ओततात आणि रंगपंचमीला पूजा झाली की गाव त्यात उड्या मारतं. ह्या उडीला धप्पा म्हणतात. उडी सुळकन मारायची नसते. अंगाचं गाठोडं करून असं बसायचं की रंग उसळून काठावरच्यांच्या डोक्यावर पडला पाहिजे. जितकं पाणी बाहेर, तितका धप्पा चांगला. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला आणि पहिल्या धप्प्याचा मानही ठरलेला. काकांच्या चौकातल्या रहाडीचा रंग पिवळा, आणि मान काकांच्या घराचा. आधी त्यांच्या वडिलांचा, मग काकांचा.

"हे शेवटचं वर्ष," मैत्रीण स्वयंपाकघरातून म्हणाली. आवाज कडक होता. "गुडघा बघा, बीपी बघा. मी शपथ घातलीये. पुढच्या वर्षीपासून चुलतभाऊ."

काकांनी सुपारी तोंडात टाकली. "चाळीसच्या वर धप्पे मारले मी. फोटो एक नाही."

मला हे खरं वाटेना. पण खरं होतं आणि सोपंही. ज्याच्याकडे कॅमेरा असतो तो रहाडीच्या जवळ येत नाही, आणि जो जवळ असतो त्याच्याकडे कॅमेरा नसतो. रंगपंचमीला त्या चौकात कोरडा माणूस म्हणजे आमंत्रणच. काठावरून लोक बादल्या भरभरून मारतात, उरलेलं काम धप्पा करतो. मोबाईल सगळे घरी ठेवून येतात. कोणीतरी गच्चीवरून काढायचा प्रयत्न केला होता. त्यात गर्दीचे हात दिसतात आणि मधे पिवळं काहीतरी.

"गच्चीवरून नको," काका म्हणाले. "समोरून पाहिजे. हवेत असताना. तोंड दिसलं पाहिजे. माझ्या वडिलांसारखं नाक दाबून नाही मारत मी. ते नाक दाबायचे, डोळे मिटायचे, लहान पोरासारखे. आख्खी आळी हसायची. मी छाती काढून मारतो. ते दिसू दे एकदा."

मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर त्यांच्या वडिलांचा एकुलता एक फोटो होता. तो मी इतकी वर्षं बघत आले होते: स्टुडिओत काढलेला, कोट घातलेला, मान ताठ, ओठ आवळलेले, हात खुर्चीच्या पाठीवर.

"हा कोट स्टुडिओवाल्याचा," काका म्हणाले. "हे आमचे वडील नाहीतच. असे ते जन्मात कधी उभे राहिले नाहीत. सारखे हसायचे. पण आता सांगून कोणाला पटणार? पोरंटोरं म्हणतात, पणजोबा फार कडक होते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मला असं भिंतीवर जायचं नाही. कळलं? म्हणून धप्पा."

मी म्हटलं, "काढते काका. शब्द देते." शब्द द्यायलाही मी अशीच उतावळी.

पुढचे दिवस मी दुसरा विचारच केला नाही. काठावरून उडी सुटल्यापासून पाण्यात जाईपर्यंत किती वेळ? मैत्रीण आणि मी मिळून मोजलं. ती दुकानाच्या ओट्यावरून बोळात उडी मारायची आणि मी बटण दाबायचे. बँकेत अधिकारी असलेली बाई साडी खोचून उड्या मारते आहे आणि शेजारचे खिडक्यांतून बघतायत! सेकंदही पुरा मिळत नव्हता. चिमुकल्यात एक सोय होती: बटण दाबून धरलं की टकटक टकटक एका सेकंदात बरेच फोटो. पण पहिल्या टक्‌ची वेळ आपलीच. ती चुकली की नुसता रंग.

रहाड उघडली त्या दिवशी शाळेतून अर्धी रजा घेऊन गेले. ओंडके बाजूला काढले होते आणि आतून थंड, ओला, मातीचा वास येत होता. मी पोटावर आडवी पडून काठाचे, दगडांचे, खाली झाडणाऱ्या माणसांचे फोटो काढले. उभी राहण्याची जागा ठरवली: काका पूर्वेच्या काठावरून मारतात, म्हणजे मी पश्चिमेच्या काठावर, कोपऱ्यातल्या दगडाला पाय अडकवून. कॅमेऱ्याला चिलखत म्हणून हॉटेलातून आणलेली शॉवर कॅप घातली, लेन्सपुढे भोक पाडलं आणि वर दोन रबरबँड लावले. मंडळाच्या लोकांनी विचारलं, "ताई, कुंची घातलीत, बारसं आहे का ह्याचं?"

रंगपंचमीला दुपारी चौकात पोचले तर पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल, हलग्या, गच्च्यांवर बायका, खांद्यांवर पोरं. कढईतला रंग ओतून झाला होता आणि पाणी उन्हात असं पिवळं चमकत होतं की बघत राहावं. कोणी तरी माझ्या डोक्यावर पहिली बादली रिकामी केली. मी कॅमेरा पोटाशी धरून वाकले आणि तशीच कोपऱ्यातल्या माझ्या दगडाशी पोचले. बनारसला नाही, हंपीला नाही, कुठल्याच प्रवासात मला इतकी भीती वाटली नव्हती. तिकडे चुकलेला फोटो माझा होता. हा माझा नव्हता.

पूजा झाली. नारळ फुटला. काका आले. पांढरी बंडी, पांढरा लेंगा, कपाळाला मोठा टिळा. गुडघ्यामुळे लंगडत होते, पण काठावर उभे राहिले आणि लंगडणं कुठे गेलं कोण जाणे. त्यांनी पाण्याला नमस्कार केला. मग मान वर करून समोरच्या गर्दीत मला शोधलं. मी हात हलवला. त्यांनी छाती काढली.

मी बटण दाबून धरलं.

पुढचं मला नीट आठवत नाही. एक मोठा "होऽऽ" झाला, समोर पिवळी भिंत उभी राहिली आणि ती माझ्यावर कोसळली. नाकातोंडात रंग. चष्म्याच्या काचा पिवळ्या. खाली लोक हात धरून काकांना वर घेत होते आणि ते हसत होते, दात तेवढे पांढरे. मी पदराने कॅमेऱ्याचा पडदा पुसायला गेले तर आणखी माखला. उन्हात त्यावर काही म्हणजे काही दिसेना. पिवळसर काहीतरी होतं. काका की नुसता रंग, देव जाणे.

लांबूनच काकांनी ओरडून विचारलं, "आला का?"

"आला!" मीही ओरडले. म्हटलं, घरी जाऊन बघू. आला असणारच.

त्यानंतर तासाभराने बायकांची वेळ झाली. ह्या चौकात अलीकडे बायकांसाठी वेगळा तास ठेवतात. पुरुष मागे हटले, गच्च्यांवरच्या बायका धडाधड जिने उतरून खाली आल्या. मैत्रीण आली ती थेट माझ्या अंगावर. "चल!"

"अगं, मी कशाला? मला खांदा..."

"खांदा वरच्या वर ठेव. चल!"

मी पोहते. चांदवडच्या विहिरीत शिकलेली आहे. पण रहाडीत मी कधीच उतरले नव्हते. कॉलेजात असताना बायका लांबून बघायच्या, नंतर मला शाळेच्या मुलांनी बघितलं तर काय, असं वाटायचं. आणि आता काठावर मैत्रिणीचा हात हातात, खाली ते सोनं, मागून बाया ढकलतायत, ढोल वाजतोय, आणि माझ्या मनात एकच, की मी काम फत्ते केलं, काकांचा फोटो आला. इतका आनंद झाला होता की मी स्वतःच "एक, दोन" मोजलं.

तीनला आम्ही हवेत होतो. मग थंडगार, आणि डोळे उघडले तर चहूकडे पिवळं, जणू ऊनच पातळ करून ठेवलंय. मी खाली खाली गेले. आणि तिथे, त्या पिवळ्यात, माझ्या हनुवटीवर काहीतरी हलकेच आपटलं. टक्‌. टक्‌.

पाण्याखाली माणसाला ओरडता येत नाही, पण मी ओरडले. वर आले ती खोकत, एका हाताने कॅमेरा उंच धरून, जणू आता उंच धरून काही होणार होतं. शॉवर कॅप तरंगत निघाली होती. काठावरच्या बायकांना वाटलं मी बुडतेय. चौघींनी मला ओढून काढलं. मी कॅमेरा उलटा केला. लेन्सच्या कडेने पिवळी धार लागली.

दोन किलोचं धूड असतं तर उडी मारायच्या आधी मानेनेच सांगितलं असतं.

मैत्रिणीने तोंडावर हात ठेवला. मग आम्ही दोघींनी एकदमच काकांकडे बघितलं. ते लांब ओट्यावर टॉवेल गुंडाळून बसले होते आणि लोक येऊन पाया पडत होते. त्यांनी आमच्याकडे बघून दोन बोटांनी कॅमेऱ्यासारखी खूण केली आणि मान डोलावली. मीही मान डोलावली. इतकी खोटी मान मी आयुष्यात डोलावलेली नाही.

त्यांच्याच घरात, न्हाणीघराचं दार लावून, आम्ही बॅटरी काढली आणि नखाएवढं कार्ड काढलं. टिपकागदावर ठेवलं, मग तांदळाच्या डब्यात पुरलं. कोणीतरी सांगितलेलं असतं ना, की भिजलेला मोबाईल तांदळात ठेवावा. मैत्रिणीने कॅमेराही डब्यात घातला. दुसऱ्या दिवशी काकूंनी त्याच डब्यातल्या तांदळाचा भात लावला आणि काकांनी विचारलं, "आज केशरी भात कशाबद्दल?"

ते चार दिवस मी कसे काढले! कार्ड ओलं असताना कशात घालायचं नाही एवढं माहीत होतं, म्हणून थांबले. काका रोज संध्याकाळी फोन करायचे. "काढला का कागदावर?" मी म्हणायचे, "लॅबमध्ये गर्दी आहे काका." शाळेत मुलांवर उगाच ओरडले, मग त्यांना चॉकलेटं वाटली. अंगाचा पिवळा रंग उतरत नव्हता; मुख्याध्यापिका म्हणाल्या, "कावीळ तपासून घ्या." मला वाटायचं, चाळीस वर्षं वाट बघितलेल्या माणसाचा एक सेकंद मी बुडवला. पुढच्या वर्षी ते काठावर नसणार, तो सेकंद कुठून आणणार? आणि वर खोटं बोलतेय. कॅमेरा गेल्याचं दुःख करायलाही मला सवड झाली नाही.

पाचव्या दिवशी मेनरोडवरच्या एका जुन्या फोटो स्टुडिओत गेले. स्टुडिओवाल्याने कार्ड बोटांत धरून उजेडात बघितलं. "मॅडम, हे हळदीत मुरवलं होतं का?" त्याने ते मऊ ब्रशने झाडलं, कसल्याशा स्पिरिटने पुसलं आणि मशीनला लावलं. पडद्यावर काहीच आलं नाही. त्याने काढलं, पुन्हा पुसलं, पुन्हा लावलं. मी त्याच्या टेबलाची कड धरून उभी होते.

मग एकेक चौकोन उमटायला लागला. सराफ बाजारातले भिंगवाले आजोबा. घाटावरच्या बाया. ओट्यावरून उडी मारणारी बँकेची अधिकारी. रहाडीचे दगड. आणि काका. काका काठावर, छाती काढून. पुढच्यात कोणाचा तरी कोपर मधे. पुढच्यात...

"आला!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की पासपोर्ट फोटोला बसलेल्या गिऱ्हाइकाने डोळे मिटले आणि त्याचा फोटो परत काढावा लागला.

काका हवेत होते. पाण्यापासून हातभर वर, पाय पोटाशी घेतलेले, बंडी फुगलेली, मागे आख्खी आळी तोंडं उघडून. एक थेंबही अजून उडाला नव्हता. मी आनंदाने स्टुडिओवाल्याचा हात धरून हलवला. त्याच्या पुढच्या चौकोनात फक्त रंग होता, आणि मागच्यात कोपर. हा एकच. आणि मग मी नीट बघितलं, आणि माझं हसू ओठावरच राहिलं.

काकांचे डोळे घट्ट मिटलेले होते. आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्यांनी नाक दाबलं होतं.

मी मोठा फोटो काढून घेतला, फ्रेम केली आणि त्याच संध्याकाळी काकांचं घर गाठलं. मैत्रिणीने दारातच फोटो बघितला आणि कपाळाला हात लावला. "हे बघून ते माझ्यावरच चिडतील."

काका दुकान बंद करून वर आले होते, भिंतीखालच्या खुर्चीत बसले होते. मी आधी पाप कबूल केलं. कॅमेरा गळ्यात होता, मी विसरले, उडी मारली, तो गेला, आणि मी चार दिवस खोटं बोलले. ते मोठ्याने हसले. "मी म्हटलं नव्हतं? जड असता तर आठवला असता!" हे त्यांनी दोनदा सांगितलं, इतका आनंद त्यांना त्यांचं म्हणणं खरं ठरल्याचा झाला. मग हात पुढे केला. "दाखव."

फ्रेम त्यांनी आधी तोलली. मग सरळ धरली.

"छे," ते म्हणाले. "हा मी नाही."

त्यांनी फ्रेम दिव्याकडे वळवली.

"मी नाक दाबत नाही. मी कधीच... हे कोणाचं भलतंच... मी छाती काढली होती, तू बघितलंस ना?"

"काढली होती काका. काठावर काढली होती."

त्यांनी फोटो लांब धरला, जवळ आणला. चष्मा काढून पुसला. "आता ते कॉम्प्युटरवर पुसता येतं ना? हात काढून टाकता येईल? नुसता हात."

"येईल," मी म्हटलं. "स्टुडिओवाला करून देईल. उद्या आणून देते."

ते फ्रेम मांडीवर ठेवून बघत राहिले. अंगठा काचेवरून, त्या दोन बोटांवरून, हळूच फिरवत राहिले. मी मैत्रिणीकडे बघितलं, तिने मला नजरेनेच गप्प राहायला सांगितलं. खालच्या बोळातून रिक्षा गेली. मग काकांच्या तोंडातून एक बारीकसं हसू आलं, आणि त्या हसण्याबरोबर डोळ्यांतलं पाणी.

"अगदी असेच," ते म्हणाले. "अगदी अस्से."

ते उठले. गुडघा कुरकुरला, मैत्रीण धरायला धावली, तिला त्यांनी हाताने बाजूला केलं. स्टुलावर चढू नका म्हणायच्या आत ते चढले होते. भिंतीवरचा कोटवाला फोटो त्यांनी दोन्ही हातांनी खाली काढला, बंडीने पुसला, माझ्याकडे दिला आणि रिकाम्या खिळ्याला माझी फ्रेम लावली.

"अहो बाबा," मैत्रीण कळवळून म्हणाली, "जिवंत माणसाचा फोटो लावतात का तिथे? अभद्र दिसतं ते."

काका फ्रेम सरळ करत होते. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही.

"माझा कुठे लावतोय," ते म्हणाले. "वडिलांचा लावतोय."